संकेतस्थळाचे रकाने : नव्या सुविधा, जुने प्रश्न

म्हैसूर : शिलालेख, हस्तलिखिते, जुने दस्तऐवज अथवा शब्दकोश यांची माहिती इंटरनेटवर आणताना मजकूर टंकलिखित करणे हे तुलनेने सोपे काम असते. त्या माहितीचे रकाने ठरवणे हे अवघड काम होय. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्या वर्डप्रेस प्रणालीवर चालतात, तिच्यात असे रकाने तयार करण्यासाठी ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे प्लगिन मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. २०२४ मध्ये या प्लगिनच्या मालकीवरून अमेरिकेत वाद झाला, तो न्यायालयात गेला आणि एकाच प्लगिनची दोन प्लगिने झाली. त्यामुळे नव्या सुविधांबरोबरच ‘आपल्या माहितीचे रकाने नेमके कोणाच्या हाती आहेत’ हा प्रश्नही वापरकर्त्यांपुढे उभा राहिला. हा प्रश्न तांत्रिक वाटला, तरी त्याचा संबंध ग्रंथालये, संशोधन संस्था आणि लहानमोठी मंडळे यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदींशी आहे. नोंदींच्या कामाची मोठी परंपरा असलेल्या म्हैसूर शहराच्या उदाहरणावरून तो समजून घेता येतो.

नोंदींचे शहर

राजवाडा आणि दसरा यांसाठी प्रसिद्ध असलेले म्हैसूर हे भारतीय भाषांच्या अभ्यासाचेही महत्त्वाचे केंद्र आहे. येथील प्राच्य विद्या संशोधन संस्थेची स्थापना १८९१ मध्ये प्राच्य ग्रंथालय म्हणून झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची ताडपत्रावरील प्रत याच ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये त्यांनी तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुराभिलेख शाखेचे मुख्यालय १९६६ मध्ये उटकमंडहून म्हैसूरला आले. देशभरातील शिलालेखांचे कागदी ठसे या शाखेने जपले आहेत. ओला कागद दगडावर बसवून, तो ब्रशाने ठोकून अक्षरांच्या खाचांत दाबायचा आणि वरून शाई फिरवायची, अशा रीतीने हे ठसे घेतले जातात. केंद्रीय भारतीय भाषा संस्था १७ जुलै १९६९ पासून येथेच कार्यरत आहे. ‘भारतवाणी’ हा बहुभाषिक ज्ञानसंचय २०१६ पासून याच संस्थेमार्फत इंटरनेटवर उपलब्ध झाला.

या तिन्ही संस्थांच्या कामाचा समान धागा म्हणजे नोंद. ताडपत्र असो, शिलालेख असो वा शब्द असो, त्याची भाषा कोणती, लिपी कोणती, काळ कोणता, तो मिळाला कोठे आणि आज ठेवला आहे कोठे, या प्रश्नांची उत्तरे ठरावीक रकान्यांत लिहिल्याशिवाय संग्रहाचा उपयोग होत नाही. पूर्वी हे रकाने नोंदवहीत आखले जात, पुढे ते तालिकापत्रांवर आले आणि आता ते संकेतस्थळावर आले आहेत.

कस्टम फील्ड म्हणजे काय?

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. प्रारंभी ही प्रणाली दैनंदिनीवजा लेखनासाठी होती. शीर्षक, मजकूर, लेखक आणि दिनांक एवढे चार घटक तिच्या दृष्टीने पुरेसे होते. वर्तमानपत्री लेखाला हे चार घटक पुरतात, शिलालेखाला पुरत नाहीत. जादा माहितीसाठी प्रत्येक लेखाला हवे तेवढे रकाने जोडण्याची सोय वर्डप्रेसमध्ये आहे. या रकान्यांनाच ‘कस्टम फील्ड’ असे म्हणतात. जून २०१० मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने ‘लेख’ आणि ‘पान’ यांखेरीज स्वतःचे नोंदप्रकार निर्माण करण्याची सोय अधिक सुलभ केली. त्यामुळे ‘शिलालेख’ किंवा ‘हस्तलिखित’ हा स्वतंत्र प्रकार बनवणे शक्य झाले.

तथापि मूळ सोय अगदी साधी होती. एका चौकटीत रकान्याचे नाव आणि दुसऱ्या चौकटीत त्याचे मूल्य हाताने टंकलिखित करावे लागे. एका नोंदीत ‘लिपी’ आणि दुसरीत ‘लीपी’ असे लिहिले गेले, तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे रकाने होत. ही उणीव भरून काढण्यासाठी ऑस्ट्रेलियातील विकसक इलियट कोंडन यांनी २०११ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे प्लगिन तयार केले. त्यात रकाने एकदाच ठरवायचे असतात. त्यानंतर नोंद भरणाऱ्यास तयार अर्ज दिसतो. मजकूर, संख्या, दिनांक, पर्यायांची यादी, चित्र, नकाशावरील स्थान, दुसऱ्या नोंदीशी संबंध असे रकान्यांचे तीसहून अधिक प्रकार त्यात आहेत. वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर हे प्लगिन बसवले गेले.

एका ओळीसाठी किती रकाने?

रकाने ठरवण्याचे काम किती नाजूक असते, हे मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका शिलालेखावरून दिसते. म्हैसूरच्या उत्तरेस हासन जिल्ह्यात श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराची प्रचंड मूर्ती आहे. ही मूर्ती गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने करविली, अशा अर्थाचे लेख मूर्तीच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी या तीन भाषांत कोरलेले आहेत. भोवतालचे आवार गंगराजाने बांधविले, अशी आणखी एक मराठी ओळही तेथे आहे. हा गंगराज म्हणजे होयसळ नृपती विष्णुवर्धन याचा बाराव्या शतकातील सेनापती.

आता या मराठी लेखाची नोंद संकेतस्थळावर करायची असे समजू. पहिला रकाना भाषेचा. त्यात ‘मराठी’ असे लिहावे लागेल. लिपीचा रकाना मात्र स्वतंत्रच हवा, कारण हा लेख नागरी लिपीत आहे आणि भाषा व लिपी यांची जोडी नेहमी ठरलेली नसते. म्हैसूरच्या ग्रंथालयात मिळालेल्या अर्थशास्त्राच्या प्रतीची भाषा संस्कृत, पण लिपी ग्रंथ होती. दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या, तर ‘ग्रंथ लिपीतील सर्व संस्कृत प्रती दाखवा’ या साध्या प्रश्नालाही संगणक उत्तर देऊ शकणार नाही.

त्यानंतर काळाचा रकाना येतो आणि येथे खरी अडचण सुरू होते. मूर्तीच्या उभारणीचा काळ दहाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. त्यामुळे मराठी लेखही इ. स. ९८३ च्या सुमाराचा, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. दोन्ही मराठी ओळींचे अक्षरवळण सारखे असून दुसऱ्या ओळीत गंगराजाचा उल्लेख आहे, तेव्हा दोन्ही ओळी इ. स. १११६-१७ च्या सुमारास कोरल्या गेल्या असाव्यात, असे दुसरे मत आहे. रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेखावर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ हा काळ वाचला जातो. त्यामुळे यांपैकी जुना मराठी लेख कोणता, हे ठरवताना श्रवणबेळगोळच्या नोंदीतील हा एक रकाना निर्णायक ठरतो. त्या रकान्यात एकच सन मावत असेल, तर नोंद करणाऱ्याने नकळत एका पक्षाच्या बाजूने निकाल दिल्यासारखे होते. दुसरे मत खोडले जात नाही, ते वाचकाच्या दृष्टीआड होते.

क्रमांकाच्या रकान्याचीही गत अशीच आहे. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात १८८९ मध्ये श्रवणबेळगोळचे १४४ लेख प्रसिद्ध केले. आर. नरसिंहाचार यांनी १९२३ मध्ये सिद्ध केलेल्या सुधारित आवृत्तीत ही संख्या ५०० झाली. आवृत्ती बदलली तसे लेखांचे क्रमांकही बदलले. जुन्या संशोधनपर लेखांत जुने, तर नव्या लेखांत नवे क्रमांक आढळतात. दोन्ही क्रमांक नोंदीत नसतील, तर एकच शिळा दोन वेगवेगळ्या शिळा असल्याचा भास होतो.

ज्या सुविधांची मागणी होते

एका रकान्यात अनेक मते, अनेक क्रमांक आणि प्रत्येक मतासमोर त्याचा आधार, अशी व्यवस्था ज्या प्रकाराने साधते, त्याला ‘रिपीटर’ म्हणतात. नोंदवहीतील एका चौकोनात पुन्हा छोटा तक्ता आखावा, तसा हा प्रकार आहे. ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’मध्ये तो केवळ सशुल्क आवृत्तीत मिळतो. अल्प निधीवर चालणाऱ्या संस्थांची विनामूल्य रिपीटरची मागणी त्यामुळे जुनी आहे. म्हैसूरसारख्या संग्रहांच्या दृष्टीने पाहता ही मागणी चैनीची नाही. मतभेद नोंदवता येणे हा संशोधनाच्या नोंदीचा किमान गुण आहे.

दुसरी मागणी रकाना आणि पान यांच्या सांध्याची. पूर्वी रकान्यातील माहिती पानावर दाखवण्यासाठी आज्ञावली लिहावी लागे आणि त्यासाठी तंत्रज्ञावर अवलंबून राहावे लागे. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या ६.५ आवृत्तीत परिच्छेद, शीर्षक, चित्र आणि कळ हे घटक थेट रकान्यांशी जोडण्याची व्यवस्था मूळ प्रणालीतच आली. नोव्हेंबर २०२४ मधील ६.७ आवृत्तीने त्यासाठी पडद्यावरील साधन दिले. या बदलाचा अर्थ दूरगामी आहे. जे काम प्लगिन करीत असे, त्यातील काही भाग हळूहळू मूळ प्रणालीकडे सरकत आहे.

तिसरी मागणी बदलांच्या इतिहासाची. लेखाचा काळ कोणी व केव्हा बदलला, हे कळल्याशिवाय नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही. लेखाच्या मजकुराच्या जुन्या प्रती वर्डप्रेस पूर्वीपासून जपत असे. रकान्यांच्या जुन्या प्रती जपण्याची चौकट नोव्हेंबर २०२३ मधील ६.४ आवृत्तीत मूळ प्रणालीत आली.

चौथा विषय कृत्रिम बुद्धिमत्तेचा. डिसेंबर २०२५ मधील ६.९ आवृत्तीत, संकेतस्थळ कोणकोणती कामे करू शकते हे यंत्राला वाचता येईल अशा रूपात नोंदवण्याची सोय देण्यात आली. अशी साधने पुढे नोंदींचे रकाने भरण्यास साहाय्य करू लागतील. यंत्राने सुचवलेला सन आणि अभ्यासकाने ठसा वाचून ठरवलेला सन यांतील फरक नोंदीत दिसावा, यासाठी ‘ही माहिती कोणी भरली’ असा आणखी एक रकाना लागेल.

माहिती साठते कशी?

या सुविधांची चर्चा करताना आतील रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. वर्डप्रेसच्या माहितीकोशात कस्टम फील्डसाठी एक तक्ता असतो आणि त्यात चारच स्तंभ असतात : अनुक्रमांक, कोणत्या लेखाशी संबंध, रकान्याचे नाव आणि मूल्य. सन असो, संख्या असो वा परिच्छेद असो, मूल्य मजकूर म्हणूनच साठते. याचे परिणाम मराठी नोंदींवर विशेष होतात. ‘शके ९३४’ असे अक्षरांत लिहिले किंवा सन देवनागरी अंकांत भरला, तर माहितीकोश त्याला संख्या मानत नाही आणि कालक्रमाने यादी लावताना गोंधळ होतो. त्यामुळे क्रमवारीसाठी इसवी सन यंत्राला समजणाऱ्या अंकांत आणि वाचकांसाठी शक व तिथी देवनागरीत, असे दोन रकाने ठेवणे श्रेयस्कर ठरते.

स्थळनामांचेही असेच. या शहराचे इंग्रजीतील अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘मैसूरु’ झाले. मराठीत ते म्हैसूरच आहे. स्थळाचा रकाना मोकळा ठेवला, तर कोणी जुने, कोणी नवे, कोणी मराठी नाव लिहील आणि एका गावाची तीन गावे होतील. ठरावीक यादीतून निवड करण्याचा प्रकार येथे उपयोगी पडतो.

प्लगिन बंद केले तर काय होते, हा वापरकर्त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दुहेरी आहे. रकान्यांतील मूल्ये माहितीकोशात कायम राहतात, पण त्यांचा अर्थ लावणारी व्यवस्था नाहीशी होते. रिपीटरमधील प्रत्येक ओळ मुख्य नाव, क्रमांक आणि उपनाव जोडून तयार झालेल्या लांबलचक नावाने स्वतंत्र साठवलेली असते. प्लगिन नसेल, तर समोर सुट्या चिठ्ठ्यांचा ढीग उरतो. चिठ्ठ्या शाबूत असतात, पण कोणती चिठ्ठी कोणत्या मताची, हे जुळवण्याचे काम माणसावर येते.

२०२४ चा वाद

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही, हे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कोंडन यांनी तयार केलेले प्लगिन २०२१ मध्ये ‘डेलिशस ब्रेन्स’ या कंपनीकडे आणि २०२२ मध्ये ‘डब्ल्यूपी इंजिन’ या कंपनीकडे गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन यांच्यात बोधचिन्हाचा वापर आणि मुक्त प्रकल्पातील योगदान यांवरून जाहीर वाद झाला. ऑक्टोबरच्या प्रारंभी कंपनीने कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल केला.

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगिन भांडारातील ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’च्या जागी ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ हे नवे नाव आले. सुरक्षेतील त्रुटी दूर करणे आणि व्यावसायिक विक्रीचा मजकूर काढणे, ही कारणे त्या वेळी देण्यात आली. प्लगिनचा परवाना मुक्त स्वरूपाचा असल्याने मूळ आज्ञावली घेऊन स्वतंत्र प्लगिन काढण्यास कोणालाही मुभा आहे. आक्षेप होता तो पत्ता तोच ठेवून मालक बदलण्याला. ज्या संकेतस्थळांवर आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू होती, तेथे चालकांनी काही न करता एका प्लगिनच्या जागी दुसरे आले. १० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन पूर्वस्थिती आणण्यास सांगितले. त्यानंतर मूळ प्लगिन आपल्या जागी परतले आणि ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ हे स्वतंत्र प्लगिन म्हणून उरले. या दुसऱ्या प्लगिनमध्ये पुढे रिपीटरसारखे प्रकारही विनामूल्य मिळू लागले.

सुरक्षेची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मे २०२३ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’मधील एक गंभीर त्रुटी उघड झाली आणि ६.१.६ आवृत्तीत ती दुरुस्त करण्यात आली. २०२४ च्या प्रारंभी रकान्यांतील धोकादायक संकेत पानावर येण्यापूर्वीच गाळण्याचा निर्णय झाला. त्यामुळे सुरक्षितता वाढली. ज्यांनी रकान्यांत चित्रफितींच्या चौकटी बसवल्या होत्या, त्यांना मात्र पानांची तपासणी करावी लागली. तेव्हा वाद टाळण्यासाठी प्लगिन अद्ययावतच न करणे, हा मार्ग सुरक्षित नाही.

दोन्हींपैकी कोणते?

दोन प्लगिनांपैकी कोणते निवडावे, या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या गरजेवर अवलंबून आहे. निधी उपलब्ध असेल आणि तांत्रिक साहाय्य हवे असेल, तर सशुल्क आवृत्तीचा विचार होऊ शकतो. विनामूल्य रिपीटर हवा असेल, तर दुसरा पर्याय आहे. दोन्हींचे मूळ एक असल्याने साठवणुकीची पद्धत बहुतांशी समान आहे. परंतु दोन्ही प्लगिने पुढे वेगवेगळ्या दिशांनी वाढत जातील, तसतसे एकातून दुसऱ्यात जाणे कठीण होण्याची शक्यता असते. म्हणून निवडीपेक्षा पूर्वतयारी अधिक महत्त्वाची ठरते.

या तयारीचे पहिले पाऊल म्हणजे रकान्यांची व्याख्या कागदावर लिहून ठेवणे. ‘काळ’ म्हणजे लेख कोरल्याचा काळ, की लेखातील घटनेचा? ‘स्थळ’ म्हणजे शिळा मूळ होती ते गाव, की ठसा ठेवला आहे ते शहर? हा शेवटचा भेद किती मोलाचा आहे, हे म्हैसूरमध्येच दिसून आले. येथे ठेवलेले तमिळ शिलालेखांचे ठसे चेन्नईला हलवावेत, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. शिळा आपल्या जागी असली, तरी ठशाचे ठिकाण बदलू शकते. दोन्हींसाठी एकच रकाना असेल, तर अशा स्थलांतरानंतर अभ्यासकाला शिळा तरी सापडत नाही किंवा ठसा तरी.

दुसरे पाऊल म्हणजे रकान्यांच्या रचनेची प्रत प्लगिनच्या बाहेर ठेवणे. ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’मध्ये ही रचना साध्या मजकुराच्या धारिकेत आपोआप जपण्याची सोय आहे आणि ती धारिका माणसालाही वाचता येते. तिसरे पाऊल म्हणजे सर्व नोंदी ठरावीक काळाने तक्त्याच्या रूपात उतरवून घेणे. ज्या तक्त्यातील स्तंभांची नावे प्लगिनशिवाय समजतात, तोच तक्ता पुढील पिढीच्या कामी येतो.

शामशास्त्री यांच्या हाती आलेली ताडपत्रे वाचता आली, कारण त्यांची लिपी जाणणारे विद्वान हयात होते. संकेतस्थळावरील नोंदींची लिपी म्हणजे त्यांचे रकाने. प्लगिनची नावे, मालक आणि आवृत्त्या यापुढेही बदलत राहतील. रकान्यांचा अर्थ लिहून ठेवण्याचे काम मात्र ज्याचा संग्रह आहे त्यालाच करावे लागते आणि त्यासाठी कोणत्याही नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही.